बोरणेकाकांचं आडनाव

बोरणेकाका स्वतःचं नाव सांगायचे ते नेहमी पूर्ण. भाजीवाल्याने पिशवीवर खूण करायला नाव विचारलं तरी, गॅसवाल्याने खालून हाक मारून विचारलं तरी. "एडविन विंटरबोर्न," असं सावकाश म्हणायचे आणि मग जरा थांबायचे. त्या थांबण्यात एक अपेक्षा असायची. समोरचा म्हणेल, 'अरे वा, कुठलं हे नाव?' बहुतेक वेळा समोरचा म्हणायचा, "काय?"

आमच्या इमारतीत त्यांचे बोरणे झाले ते पहिल्याच महिन्यात. सीवूड्सला आमची सोसायटी नवीन होती, आजूबाजूला निम्मे प्लॉट मोकळे. खाली नावांचा फलक रंगवायला पेंटर आला होता. सेक्रेटरींनी त्याला नावं तोंडीच सांगितली आणि पेंटरने त्याला जे कळलं ते लिहिलं: 'ई. व्ही. बोरणे'. काकांनी दुरुस्त करून घ्यायचं ठरवलं, पण पेंटर पुन्हा काही आला नाही. मग कोणी त्यांना विचारायचं, बोरणे म्हणजे तुम्ही साताऱ्याकडचे का? काका शांतपणे सगळा खुलासा करायचे. ऐकणारा मान डोलवायचा आणि जाताना म्हणायचा, "बरं आहे, बोरणेकाका, येतो."

दिसायला ते आमच्यासारखेच होते. सावळे, उंच, डोक्यावर दाट पांढरे केस, पायांत कायम पॉलिश केलेले काळे बूट. जन्म इगतपुरीचा. आजोबा रेल्वेत इंजिनावर, वडीलही रेल्वेतच. काका स्वतः ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत बॉयलर सांभाळून निवृत्त झालेले. मराठी आमच्याहून स्वच्छ बोलायचे, फक्त 'ळ' म्हणताना जीभ थोडी अडखळायची. बायको शांताबाई, नाशिककडच्या, नर्स होत्या. मूलबाळ नव्हतं. शांताबाई आम्हाला हसत सांगायच्या की लग्नाआधी त्यांचं आडनाव दोन अक्षरांचं होतं, आता सही करेपर्यंत पेशंट बरा होऊन घरी जातो.

शांताबाई गेल्या तेव्हा मी काकांच्या वरच्याच मजल्यावर राहायला येऊन काही वर्षं झाली होती. महापेला नोकरी, सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं, शेजाऱ्याची ओळख जिन्यापुरती. पण त्या गेल्यानंतर संध्याकाळी काकांचं दार उघडंच असायचं. दारात खुर्ची टाकून ते जिन्याकडे तोंड करून बसलेले असायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला ते थांबवायचे नाहीत. मात्र कोणी थांबलं की दुसरी खुर्ची बाहेर यायची.

त्या खुर्चीवर बसणाऱ्याला एक प्रश्न ठरलेला होता. "तुमच्या आडनावाचा अर्थ काय?" आपल्याकडे आडनाव विचारतात ते कशासाठी, हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून माणूस आधी सावध व्हायचा. काकांना मात्र खरोखर अर्थच हवा असायचा. लोखंडेंच्या घरात कधी काळी लोखंडाचं काम होतं का? दुसऱ्या मजल्यावरचे पुजारी कुठल्या देवळाचे? लोकांना माहीत नसायचं. काका म्हणायचे, "असं कसं, रोज वापरता आणि माहीत नाही?"

मलाही विचारलं. मी सांगितलं की शिरवल हे चिपळूणकडचं आमचं गाव, पण शिरवलकर हे आडनाव माझ्या वडिलांपासूनचं. त्याआधी आम्हाला लावत ते आडनाव ऐकलं की शाळेत मास्तर वडिलांना मागे बसवायचे. मुंबईत नोकरीला लागल्यावर त्यांनी ते टाकलं आणि गावाच्या नावाला 'कर' लावून नवं घेतलं. ज्या गावाने पाणवठ्यावर येऊ दिलं नाही, त्याच गावाचं नाव. हे मी कोणाला सहसा सांगत नाही. काका म्हणाले, "म्हणजे तुमच्या वडिलांनी स्वतः निवडलं. फार थोड्या माणसांना ते जमतं."

मग त्यांनी स्वतःच्या नावाचा अर्थ सांगितला. पुढे तो मी इतक्या वेळा ऐकला की माझ्या बायकोलाही पाठ झाला. विंटरबोर्न म्हणजे फक्त थंडीत वाहणारा ओढा. इंग्लंडच्या दक्षिणेकडे खडूच्या दगडाचे डोंगर आहेत. पाऊस आत मुरतो, थंडीत जमिनीतलं पाणी वर चढतं, आणि उन्हाळाभर कोरडी असलेली घळ अचानक वाहू लागते. अशा ओढ्यांवरून तिकडच्या बऱ्याच गावांना ते नाव पडलं आणि गावांवरून माणसांना. "पण गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कोण लावणार?" काका म्हणायचे. "गाव सोडून जातो त्यालाच लावतात." मी म्हटलं, म्हणजे तुम्ही खरे विंटरबोर्नकर. हे त्यांना इतकं आवडलं की पुढे आठवडाभर ते प्रत्येकाला सांगत होते.

हे आडनाव जगात फार थोड्यांचं आहे, हे त्यांचं दुःखही होतं आणि अभिमानही. तरुणपणी कामानिमित्त ज्या ज्या शहरात जायचे, तिथल्या टेलिफोन डिरेक्टरीत आधी स्वतःचं आडनाव शोधायचे. पुणे, बडोदा, कलकत्ता. कुठेच सापडलं नाही. पुढे मोबाईल आला, तेव्हा कुठे कळलं की डॉर्सेट, विल्टशायर अशा परगण्यांत अजून काही घरं आहेत, थोडी ऑस्ट्रेलियात, एखाददुसरं कॅनडात. भारतात कोणी नाही. काकांचा थोरला भाऊ फार पूर्वी पर्थला गेला, तिथेच वारला. त्याला दोन मुली, दोघींनी लग्नानंतर नवऱ्याचं नाव लावलं. "म्हणजे आता मीच," काका म्हणायचे, आणि मोबाईलवर डॉर्सेटचं हवामान उघडून बघायचे. इकडे पारसिक हिलच्या मागून सूर्य केव्हाच वर आलेला असायचा, आणि काका सांगायचे, आज तिकडे पाऊस आहे.

करावे गावातली पार्वतीबाई मासळी घेऊन आमच्या इमारतीत यायची. काकांकडे तिचा मुक्काम जरा लांबायचा, कारण ते एकच बोंबील घेतील पण गप्पा पाटीभर मारतील. तिने एकदा विचारलं होतं की तुमची माणसं सगळी इतकी लांब, तर तुम्ही इथे कसे राहिलात. काका म्हणाले, शांताला खाडीचा वारा मानवायचा. पार्वतीबाईने त्यावर दोन बोंबील जास्त ठेवले.

करोनाच्या टाळेबंदीनंतरच्या वर्षी काकांना एक निरोप आला. इंग्लंडमधले जेफ्री विंटरबोर्न नावाचे निवृत्त शिक्षक या आडनावाच्या जगभरच्या माणसांना शोधून एकत्र आणत होते. काकांनी कुठल्याशा संकेतस्थळावर टाकलेलं नाव त्यांना दिसलं होतं. त्या दिवशी काका जिना चढून आमच्या घरी आले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच वर आले होते. त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला आणि वाचायला सांगितलं. मी वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

पुढचं वर्षभर काका वेगळेच होते. रविवारी दुपारी जेफ्रींचा व्हिडिओ कॉल यायचा, त्याच्या तासभर आधी इस्त्रीचा शर्ट घालून तयार. दर उन्हाळ्यात ही सगळी मंडळी डॉर्सेटमधल्या एका खेड्यात जमायची, तिथल्या चर्चमध्ये प्रार्थना आणि मग बाहेर हिरवळीवर जेवण. काकांना आमंत्रण आलं. आयुष्यात नेपाळच्याही पुढे न गेलेल्या माणसाने पासपोर्ट काढला. पनवेलला जाऊन गरम कोट घेतला. मी म्हटलं, काका, तिकडे तेव्हा उन्हाळा असेल. म्हणाले, "त्यांचा उन्हाळा. आपल्याला थंडीच वाजणार."

त्याआधी जेफ्रीच इकडे आले. राजस्थान बघायला निघालेल्या सहलीतून दोन दिवस काढून ते खास काकांसाठी नवी मुंबईत उतरले. ठेंगणे, गोरेपान, उन्हाने लाल झालेले, अतिशय सभ्य गृहस्थ. काकांनी घराला रंग दिला होता. माझ्या बायकोने पोहे केले, पार्वतीबाईने पापलेटं आणून दिली आणि दारातून पाहुण्याला नीट न्याहाळून गेली. काका आणि जेफ्री शेजारी शेजारी बसले, आणि मी त्यांचा फोटो काढला. दोघांनीही हात गुडघ्यांवर ठेवले होते. मला वाटलं, आहे काहीतरी सारखं.

जाताना जेफ्रींनी एक छोटी नळी काढली. सगळ्या विंटरबोर्नांची त्यांनी लाळेवरून डीएनए तपासणी करून घेतली होती, कोणती शाखा दुसऱ्या कोणत्या शाखेला कुठे मिळते ते त्यावरून कळत होतं. काकांची शाखा कधी भारतात आली हे एवढं एकच कोडं उरलंय, असं ते म्हणाले. काकांनी आनंदाने नळी भरून दिली.

निकाल सांगायला जेफ्रींनी रविवारची वाट पाहिली नाही. काकांनी मला खाली बोलावलं, म्हणून त्या कॉलला मी होतो. जेफ्री फार जपून बोलत होते. काकांचा त्यांच्या कुठल्याच शाखेशी रक्ताचा संबंध निघत नव्हता. जवळचा नाही, लांबचाही नाही. किंबहुना काकांचे पूर्वज जवळपास सगळे याच किनाऱ्यावरचे, कोकणपट्टीतले असावेत, असं तपासणी सांगत होती. काकांनी विचारलं, चूक होऊ शकते का? जेफ्री म्हणाले की त्यांनी ती दोनदा करून घेतली होती.

मग त्यांनी काकांच्या आजोबांबद्दल विचारलं. काकांना थोडंच माहीत होतं. आजोबा नाशिकजवळच्या एका मिशनच्या अनाथाश्रमात वाढले होते. आईवडील साथीत गेले, एवढंच घरात बोललं जायचं, आणि काका धरून चालले होते की ते आईवडील इंग्रज असणार. जेफ्री म्हणाले, अशा आश्रमांत मुलांना नवी नावं दिली जायची. कधी देणगीदाराचं, कधी एखाद्या पाद्र्याच्या आठवणीतलं. शेवटी ते म्हणाले की आमंत्रण अर्थातच कायम आहे, सगळे तुमची वाट बघताहेत. काकांनी त्यांचे आभार मानले. कॉल संपल्यावर त्यांनी मोबाईल टेबलावर पालथा ठेवला.

मी म्हटलं, काका, तुम्ही जा, ते मनापासून बोलावताहेत.

"पाहुणा म्हणून जायचं नव्हतं हो," ते म्हणाले. "घरचा म्हणून जायचं होतं."

तिकीट त्यांनी रद्द केलं. जेफ्रींचे कॉल येत राहिले, काका कधी घ्यायचे, बहुतेकदा नाही. दारातली खुर्ची आत गेली. एकदा मी जिन्यात असताना कुरिअरवाला आला, त्याने नाव विचारलं. काका म्हणाले, "बोरणे." सही करून पाकीट घेतलं आणि दार लावलं. मी तिथेच उभा राहिलो. इमारतीतल्या लोकांनी त्यांना या नावाने हजार वेळा हाक मारली होती, पण त्यांच्या स्वतःच्या तोंडून ते मी कधी ऐकलं नव्हतं.

पार्वतीबाईला काय झालंय ते कळत नव्हतं. तिने मला विचारलं, मी थोडक्यात सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती पाटी घेऊन थेट काकांच्या दाराशी बसली आणि दार उघडेपर्यंत उठली नाही. तिच्या दृष्टीने ही आनंदाची बातमी होती. "मंग बरा झाला," ती म्हणाली. "तुमी आमचेच हाव. इथलंच."

काका तिच्याकडे पाहत राहिले. "कुठल्या घरातला, पार्वतीबाई?" त्यांनी विचारलं. "कुठल्या गावातला?"

ती पाटीतली मासळी वरखाली करत राहिली. काय बोलणार? एवढा मोठा किनारा, आणि त्यातलं कुठलंच दार त्यांचं म्हणून दाखवता येत नव्हतं. तिने मासळी साफ करून दिली आणि त्या दिवशी पैसे न घेताच गेली.

मीही माझ्या परीने प्रयत्न केला. म्हटलं, माझं आडनाव तरी कुठे पिढ्यान् पिढ्यांचं आहे? वडिलांनी लावलं, मी लावतो, माझी मुलगी लावते, आमचंच झालं. काकांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमच्या वडिलांनी निवडलं, शिरवलकर. माझ्या आजोबांना चिकटवलं. फरक आहे."

असे काही महिने गेले. दिवाळीनंतर एका सकाळी ते बूट पॉलिश करून खाली उभे होते. मला म्हणाले, आज सुट्टी आहे ना, मला इगतपुरीला नेता का? गाडीत कसारा घाट लागेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते.

इगतपुरीची ख्रिस्ती दफनभूमी रेल्वेलाइनच्या वरच्या अंगाला आहे. कमरेएवढं गवत वाढलं होतं, थंड वारा होता. काकांना आजोबांची जागा लगेच सापडली. त्यांनी कोट काढून माझ्याकडे दिला, गुडघ्यांवर बसले आणि हातांनीच गवत उपटायला लागले. मी पुढे झालो तर मला थांबवलं. दगड मोकळा झाला, त्यावरची अक्षरं रुमालाने पुसली, आणि मग तिथेच बसून ते बोलू लागले. माझ्याशी बोलत होते, पण पाहत दगडाकडे होते.

ते म्हणाले, इतकी वर्षं मी इंग्लंडकडे बघत होतो. या माणसाकडे पाहिलंच नाही. चार-पाच वर्षांचं पोर असेल. आईबाप गेलेले, आईने ठेवलेलं नाव सांगायलाही कोणी उरलेलं नाही, किंवा त्याने सांगितलं असेल आणि कोणाला कळलं नसेल. समोर एक गोरा पाद्री. त्यालाही त्याचं गाव आठवत असेल, तिथला ओढा आठवत असेल. त्याने ते नाव या पोराला दिलं. "एवढं अवघड नाव," काका म्हणाले. "त्याला सुरुवातीला म्हणतासुद्धा आलं नसेल हो." आणि ते रडले. शांताबाई गेल्या तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने उठले, गुडघे झटकले. परत येताना घाटात चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, आजोबा त्या नावाने शिकले, इंजिनावर चढले, त्याच नावाने लग्न केलं, चार पोरं वाढवली. मी ते टाकून देणारा कोण? हे सांगताना आवाजात उत्साह नव्हता, समाधान म्हणावं तर तेही नव्हतं. एखादी जड वस्तू पुन्हा खांद्यावर घ्यावी तसं बोलत होते.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी, दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. पेपर मांडीवर होता. पर्थच्या दोघी पुतण्यांना मी कळवलं. त्यांनी फुलांची व्यवस्था केली, येणं शक्य नव्हतं. मातीला आम्ही मोजकीच माणसं होतो. पार्वतीबाई धंदा सोडून आली होती. दफनभूमी कधी पाहिली नसल्याने चपला कुठे काढायच्या ते तिला कळेना, मग हातातच धरून उभी राहिली. पाद्रीबुवांनी नाव बरोबर उच्चारलं.

त्याच संध्याकाळी मी जेफ्रींना फोन केला. माझं इंग्रजी कामापुरतं, त्यांचं हळू, पण आम्हाला एकमेकांचं सगळं कळलं. शेवटी त्यांनी विचारलं की मेळाव्याला चर्चमध्ये वर्षभरात गेलेल्या घरच्या माणसांची नावं वाचतात, त्यात एडविन यांचं नाव घेतलेलं त्यांना आवडलं असतं का? तपासणीचा निकाल बाजूला ठेवून मी विचारतोय, असंही म्हणाले.

मला लगेच हो म्हणता येईना. काका स्वतः तिकडे गेले नव्हते, हे मला ठाऊक होतं, आणि का गेले नव्हते तेही. मग इगतपुरीचं आठवलं. मी म्हटलं, वाचा. फक्त भारतातले आमचे पाहुणे, आमचे मित्र, असं काही पुढे जोडू नका. नुसतं नाव वाचा.

मेळाव्यानंतर त्यांनी चित्रफीत पाठवली. ती मी महापेला, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जेवताना उघडली, कानात इअरफोन घालून. दगडी चर्च, उंच खिडक्या, बाकांवर पन्नासेक माणसं, बहुतेक म्हातारी. जेफ्री पुढे उभे राहून नावं वाचत होते. प्रत्येक नावाला बाकांवर कुठेतरी हालचाल व्हायची. कोणी मान खाली घालायचं, एका बाईंनी शेजारच्या माणसाचा हात धरला. मग काकांचं नाव आलं. एडविन विंटरबोर्न, नवी मुंबई. बाकांवर कोणी हललं नाही. त्यांना पाहिलेलं तिथे कोणी नव्हतंच. जेफ्री एकटे कागदावरून वर पाहत थोडे थांबले, आणि मग पुढचं नाव वाचलं.

माझ्या लक्षात आलं, की मी डबा तसाच ठेवून उभा राहिलो होतो.